देवळालीचा ताप

इंग्रजी बोलणाऱ्या एखाद्या प्रौढ माणसाला आपल्या शेजाऱ्याच्या डोक्याविषयी शंका येऊ लागली, म्हणजे ती व्यक्त करण्यासाठी तो पुष्कळदा जो शब्द वापरतो, तो त्याच्या भाषेत लॅटिनमधून किंवा फ्रेंचमधून आलेला नसून, आपल्या नाशिक जिल्ह्यातून, दारणेच्या खोऱ्याजवळच्या एका छावणीतून गेलेला आहे. अमका गृहस्थ ‘डूलॅली’ झाला, असे तो म्हणतो. म्हातारपणाने विसराळू झालेली आजी, एकाकी राहून स्वतःशीच पुटपुटणारा कारकून, फार काय, नीट न चालणारे यंत्रसुद्धा त्याच्या तोंडी ‘डूलॅली’ होते. आणि बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नसते की, आपण एका गावाचे नाव घेत आहोत, त्या गावात आजही माणसे राहतात आणि मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या आगगाड्या त्या नावाच्या स्थानकावर आजही थांबतात. ते गाव म्हणजे देवळाली. राहुरीजवळची देवळाली प्रवरा ती ही नव्हे; ही नाशिकरोडच्या अलीकडची, देवळाली कॅम्प म्हणून सर्वांच्या परिचयाची देवळाली.

आमचे देवगाव रंगारी कन्नड तालुक्यात आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अंमलाखाली होता आणि देवळाली होती इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. तरीही दोहोंमधले अंतर काही फार नव्हते. गावातून लासूर स्टेशन गाठावे, तेथून हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेच्या, १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या छोट्या रुळांवरून मनमाडला जावे, मनमाडला गाडी बदलून मोठ्या रुळांवर बसावे, की नाशिक आणि देवळाली पुढे येतेच. ज्या वाटेने आमच्याकडील माणसे गोदावरीच्या स्नानाला जात, त्याच वाटेच्या शेवटी इंग्रजी भाषेतील वेडाचा एक शब्द जन्माला आला, ही गोष्ट मला प्रथम वाचायला मिळाली तेव्हा मौजेपेक्षा मनात कुतूहलच अधिक उत्पन्न झाले: एवढ्या निरुपद्रवी, थंड हवेच्या गावाने असे काय केले होते, की त्याच्या कपाळी हा शिक्का बसावा?

प्रथम शब्दाचा उच्चार पाहू, कारण त्यातच निम्मी हकीकत आहे. मराठीत आपण ‘देवळाली’ म्हणतो आणि त्यातला ‘ळ’ स्पष्ट उच्चारतो. इंग्रजाच्या जिभेला हा ‘ळ’ अपरिचित, म्हणून त्याच्या दप्तरात गाव ‘देओलाली’ असे नोंदले गेले. पुढे पलटणीतील सामान्य शिपायाने, ज्याला दप्तराशी कर्तव्य नव्हते, त्या ‘देओ’चा ‘डू’ केला आणि आघात आपल्या सवयीप्रमाणे मधल्या अक्षरावर टाकला. ‘विलायती’चे ‘ब्लायटी’ करून आपल्या मायदेशाला तेच नाव देणारा, आणि ‘देखो’चे ‘डेको’ करून ‘जरा नजर टाक’ या अर्थी ते लंडनच्या गल्लीत नेणारा, तोच हा शिपाई. मात्र ‘ब्लायटी’ आणि ‘डूलॅली’ हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत. पहिल्यात घरी जाण्याची ओढ आहे आणि दुसऱ्यात घरी जाण्याच्या वाटेवर अडकून पडल्याचे दुःख. एकाच माणसाच्या एकाच प्रवासाचे हे दोन टप्पे आहेत.

देवळालीची छावणी १८६१ साली वसली. थळ घाटातून लोहमार्ग वर चढला तो १८६५ च्या आरंभी, आणि त्यानंतर या छावणीचे महत्त्व एकदम वाढले. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या ताज्या गोऱ्या शिपायाला मुंबईच्या दमट उष्म्यात फार दिवस ठेवणे सरकारला परवडणारे नव्हते. घाटमाथ्यावरची, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फूट उंचीवरची ही जागा मुंबईपासून लोहमार्गाने अवघ्या १८० किलोमीटरांवर होती, हवा कोरडी होती, पाणी होते आणि मोकळे माळरान होते. म्हणून विलायतेहून येणारी प्रत्येक तुकडी प्रथम देवळालीला यावी, तेथे तिची मोजदाद व्हावी आणि मग कोणी मीरतला, कोणी रावळपिंडीला, कोणी सिकंदराबादला अशी तिची रवानगी व्हावी, असा क्रम ठरला. परत जाणाऱ्यांचा क्रम याच्या उलट: ज्यांची नोकरीची मुदत संपली ते देशभरातल्या छावण्यांमधून देवळालीत गोळा होत आणि मुंबईत आगबोट लागली, की खाली उतरत.

या व्यवस्थेत दोष असा काही दिसत नाही. दोष होता तो पंचांगात. तांबड्या समुद्रातील उन्हाळा आणि अरबी समुद्रातील पावसाळा टाळण्यासाठी सैन्याची ने-आण करणाऱ्या आगबोटी साधारणपणे पावसाळा सरल्यापासून मार्चपर्यंतच चालत. सुएझचा कालवा १८६९ च्या नोव्हेंबरात खुला झाला आणि ‘क्रोकोडाइल’, ‘युफ्रेटिस’, ‘जमना’, ‘मलबार’, ‘सेरापिस’ या, केवळ हिंदुस्थानच्या फौजेसाठी बांधलेल्या पाच मोठ्या आगबोटींचा प्रवास पुष्कळ आखूड झाला. परंतु हंगाम तोच राहिला. आता ज्या शिपायाची मुदत जानेवारीत संपली तो भाग्यवान, कारण काही आठवड्यांत त्याला बोट मिळे. परंतु ज्याची मुदत मार्चची शेवटची बोट सुटल्यानंतर संपली, त्याने काय करावे? त्याने देवळालीला जावे आणि पावसाळा उलटेपर्यंत, म्हणजे सहा-सात महिने, बोटीची वाट पाहावी.

हे वाट पाहणे कसले होते, याचे वर्णन फ्रँक रिचर्ड्स या वेल्श शिपायाने करून ठेवले आहे. कोळशाच्या खाणीतून पलटणीत आलेला हा माणूस विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात नोकरीला होता, आणि आपल्या आठवणींचे पुस्तक त्याने १९३६ साली प्रसिद्ध केले. सेनापतींची चरित्रे पुष्कळ आहेत. बराकीतल्या शेवटच्या खाटेवरून लिहिणारे फार थोडे, म्हणून मला त्याच्या साक्षीचे मोल अधिक वाटते. तो सांगतो की, मुदत संपलेल्या शिपायांजवळ तेथे हत्यारे आणि सरंजाम राहत नसे. अधूनमधून सामानाची तपासणी आणि क्वचित एखादी लांबवरची पायपीट, याखेरीज त्यांना काही काम नसे. वर्षानुवर्षे ज्यांची वर्तणूक निष्कलंक होती, असे शिपाई या रिकामपणात काहीतरी भलतेच करून बसत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. कोणी बाजारातून गुप्तरोग घेऊन इस्पितळात दाखल होत. एखाद्या शिपायाचे वागणे विचित्र झाले, म्हणजे ‘याला देवळालीचा ताप चढला’ अशा अर्थाचे वाक्य पलटणीत रूढ झाले होते, आणि त्याचा उगम याच छावणीतल्या कंटाळ्यात असावा, असे त्याचे मत होते.

सात-आठ वर्षे प्रत्येक क्षण बिगुलाच्या हुकमाने जगलेल्या माणसाकडून एके दिवशी बिगुल, बंदूक आणि सोबती ही तिन्ही काढून घ्यावीत, त्याला उघड्या माळावरच्या बराकीत आणून सोडावे आणि तुझी सुटका झाली आहे, परंतु तुला जाता येणार नाही, असे सांगावे, ही स्थिती कैदेहून कठीण आहे. कारण कैद्याला आपल्या शिक्षेचा शेवटचा दिवस ठाऊक असतो आणि आपण कोणत्या अपराधासाठी येथे आहोत हेही ठाऊक असते. एप्रिल-मे महिन्यांत माळ तापतो, जूनमध्ये सह्याद्रीवरून ढग येतात, मग आठवडेच्या आठवडे भुरभुर चालते, आणि शिपाई आपल्या खाटेवर बसून दिवस मोजतो. त्याच्या हातून काही विपरीत घडले, तर सरकारी कागदावर त्याचा अपराध नोंदला जातो, सोबत्यांच्या बोलण्यात त्याचे वेड नोंदले जाते आणि भाषेत देवळालीचे नाव नोंदले जाते. आगबोटींचे वेळापत्रक मात्र कोठेही आरोपी म्हणून उभे राहत नाही. या शब्दाच्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. या छावणीत शिपायांसाठी इस्पितळ होते, त्यामुळे देवळाली हे वेड्यांच्या इस्पितळाचे गाव, अशीही एक समजूत इंग्रजी पुस्तकांतून पसरली; परंतु वेडे लोक देवळालीला आणले जात म्हणून हा शब्द झाला, असे मानण्यापेक्षा शहाणे लोक तेथे आणून विनाकाम ठेवले जात म्हणून झाला, हे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

आता या वाक्प्रचाराच्या उत्तरार्धाकडे वळू, कारण मराठी वाचकाचा त्याच्यावर विशेष हक्क आहे. आज इंग्रजीत नुसते ‘डूलॅली’ म्हणतात. परंतु फ्रेझर आणि गिबन्स या दोघांनी १९२५ साली शिपाई व खलाशी यांच्या बोलीचा जो कोश प्रसिद्ध केला, त्यात हा वाक्प्रचार जुन्या फौजेचा म्हणून ‘डूलॅली टॅप’ असा पूर्ण रूपात दिलेला आहे. इंग्रजीत ‘टॅप’ म्हणजे हलकेच मारलेली टिचकी, म्हणून पुष्कळ इंग्रजांना वाटत आले की, डोक्यावर बसलेली एखादी टिचकी असा याचा अर्थ असेल. तो तसा नाही. तो आपला ‘ताप’ आहे: संस्कृत ‘तप्’ धातूपासून आलेला, हिंदुस्थानीत ‘तप’ झालेला, आणि फारसीत ‘तब’ या रूपाने नांदणारा. इतकेच नव्हे, तर इंग्रजीत कोमट या अर्थी ‘टेपिड’ असा जो लॅटिनमधून आलेला शब्द आहे, त्याचे मूळही याच प्राचीन कुळातले. म्हणजे इंग्रज शिपायाने परका म्हणून उचललेला शब्द त्याच्या घरच्या शब्दाचा दूरचा भाऊबंद निघाला.

ताप आणि वेड यांची सांगड आपल्या भाषेत तर फार जुनी आहे. लहानपणी हिवतापाने मी फणफणलो असता काही असंबद्ध बडबडू लागलो, तेव्हा आजीने ‘पोराला वात झाला, ताप डोक्यात चढला’ असे म्हणून कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्याचे मला स्मरते. आयुर्वेदातील सन्निपात ज्वराच्या लक्षणांत प्रलाप आहे, भ्रम आहे. आणि रोजच्या बोलण्यात ‘डोक्याला ताप’ हा शब्दप्रयोग तर असा काही मुरलेला आहे की, कचेरीतला खेटा, भाऊबंदकीतला दावा, रात्रभर वाजणारा ध्वनिक्षेपक, या साऱ्यांचे वर्णन त्या दोन शब्दांत होते. देवळालीच्या बराकीत चहा घेऊन येणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, केस कापणाऱ्या माणसांच्या तोंडी हा ‘ताप’ शब्द दिवसातून अनेकदा येत असणार, आणि शिपायाने तो तेथेच ऐकला असणार. शिवाय देवळालीत खराखुरा ताप असे. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत, म्हणजे निजामाच्याच राज्यात, पाहिले. तोपर्यंत दूषित हवेने हा ताप येतो, असाच समज प्रबळ होता. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या हिवतापाने माणूस खरोखर भ्रमिष्ट होतो. तेव्हा देवळालीचा ताप ही निव्वळ कल्पना नव्हती. एकाच्या बाबतीत तो रक्तातला असेल, दुसऱ्याच्या बाबतीत मनातला, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसत असतील.

इंग्रजीतील वेडाच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध वाक्प्रचाराचीही कथा अशीच आहे, आणि ज्याच्या नावात ‘रंगारी’ हा कारागिरांचा शब्द आहे, अशा गावच्या माणसाला ती थोडक्यात का होईना सांगितल्यावाचून राहवत नाही. टोपीवाल्यासारखा वेडा, असे इंग्रज म्हणतो. लुइस कॅरल यांच्या १८६५ च्या ॲलिसच्या कथेमुळे हा टोपीवाला जगभर पोहोचला, परंतु वाक्प्रचार त्याआधीचा आहे. सशाच्या लोकरीचा दाट नमदा बनवण्यासाठी टोप्यांच्या कारखान्यात पाऱ्याचे क्षार वापरीत. त्या वाफा वर्षानुवर्षे श्वासात गेल्या, की कारागिराचे हात थरथरत, जीभ अडखळे, स्मृती जाई आणि चारचौघांत येण्याची त्याला विलक्षण भीती वाटू लागे. याच रोगाने वाक्प्रचार झाला, यावर सर्व शब्दशास्त्रज्ञांचे एकमत नाही. पण रोग खरा होता. अमेरिकेत टोप्यांसाठी पारा वापरणे बंद झाले ते १९४१ साली. तोपर्यंत कितीतरी कारागीर ‘वेडे’ म्हणून हिणवले गेले, आणि पारा मात्र नामानिराळा राहिला.

वेडाचे वाक्प्रचार आपणही गावांना आणि माणसांना चिकटवले आहेत. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा त्यांतला सर्वांत लाडका. श्रीगोंदे तालुक्यातील भीमाकाठच्या पेडगावला मोगल सरदार बहादूरखान याचा तळ होता. मराठ्यांच्या एका तुकडीने भ्याल्याचे सोंग करून त्याच्या फौजेला दूर नेले आणि मागे मोकळ्या पडलेल्या छावणीतून दुसऱ्या तुकडीने खजिना व घोडे लांबवले, अशी या वाक्प्रचाराच्या उगमाची कथा सांगतात. कथा बहारीची आहे. मात्र ‘वेड’ आणि ‘पेड’ यांच्या यमकानेही हे काम केले असेल, असे म्हणण्यास जागा आहे.

आमच्या गावापासून वेरुळाच्या वाटेने पुढे गेले, म्हणजे जो किल्ला दिसू लागतो, त्याच्याशी निगडित असा दुसरा वाक्प्रचार मात्र इतका निरुपद्रवी नाही. महंमद तुघलकाने १३२७ साली देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन आपली राजधानी केली, पुढे चांदीच्या नाण्याऐवजी पितळ-तांब्याचे नाणे चालवून पाहिले, हे दोन्ही बेत फसले, आणि शाळेच्या पुस्तकांतून तो ‘वेडा महंमद’ झाला. आज कोणत्याही कचेरीतून अविचारी हुकूम निघाला, की त्याला आपण तुघलकी कारभार म्हणतो. इब्न बतूताने दिल्लीतून फरफटत आणलेल्या एका आंधळ्याची कथा सांगितली आहे, की दौलताबादेत त्याचा केवळ एक पाय पोहोचला. परंतु इब्न बतूता दिल्लीत आला तोच १३३४ च्या सुमारास, म्हणजे ही कथा त्याने पाहिलेली नसून ऐकलेली आहे. स्थलांतर मुख्यत्वे अमीर-उमराव, उलेमा आणि सूफी यांचे झाले, दिल्ली काही ओस पडली नाही, आणि दक्षिणेचा नवा मुलूख दिल्लीहून सांभाळता येत नाही, ही सुलतानाची अडचण खरी होती, हे आता इतिहासकार मान्य करतात. त्या स्थलांतरात आलेले बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ साली खुल्ताबादेत पैगंबरवासी झाले. त्यांचा दर्गा आजही तेथे आहे. सुलतानाच्या जुलमाचा बचाव मी करणार नाही. परंतु जुलूम हा जुलूम असतो आणि चूक ही चूक असते. तिला वेड म्हणून मोकळे झाले, म्हणजे तिची कारणे शोधण्याचे श्रम वाचतात, आणि तेच घातक आहे.

फारसीतील ‘दीवाना’ शब्दाच्या पोटात ‘दीव’ म्हणजे सैतान आहे, आणि तो ‘दीव’ आपल्या ‘देव’ शब्दाचाच सख्खा भाऊ: इराणात त्याचा सैतान झाला, आपल्याकडे तो देवच राहिला. अरबी ‘मजनून’ म्हणजे जिनाने पछाडलेला. उलट विदर्भात ऋद्धिपूरला तेराव्या शतकात गुंडम राऊळ वेड्यासारखे वागत, मुलांत खेळत, कोठेही शिरत, आणि महानुभाव पंथाने त्यांच्याच ठायी परमेश्वर पाहिला, त्यांच्या लीळा जपून लिहून ठेवल्या. एकच वागणे एका गावात सैतानाचे, दुसऱ्या गावात देवाचे आणि तिसऱ्या गावात छावणीच्या तुरुंगाचे कारण ठरते, हे पाहिले म्हणजे वेड हा शब्द वापरताना हात थबकला पाहिजे.

देवळालीने तो शिक्का निमूटपणे सोसला. दुसऱ्या महायुद्धात तेथे पुन्हा गोऱ्या पलटणी आल्या. त्यांत तोफखान्याच्या करमणूक मंडळीत काम करणारा जिमी पेरी हा तरुण होता, आणि त्याने पुढे त्या आठवणींवरून सहलेखकासह बीबीसीसाठी लिहिलेली विनोदी मालिका १९७४ ते १९८१ पर्यंत चालली. आता तेथे भारतीय सैन्याच्या तोफखान्याचे विद्यालय आहे. गावात कोणाला ताप आला, तर तो साधा ताप असतो.

परंतु आपण आपल्याच गावांना जे केले आहे त्याचे काय? लंडनच्या बेथलेहेम नावाच्या मठातून, ज्याची स्थापना १२४७ साली झाली, वेड्यांचे इस्पितळ निघाले आणि त्या नावाचे ‘बेडलम’ होऊन इंग्रजीत तो गोंधळाचा शब्द झाला, हे वाचून आपण हसतो. आपल्याकडे १९०१ साली ठाण्याला मनोरुग्णालय सुरू झाले. येरवड्याला, नागपूरला आणि रत्नागिरीला अशीच सरकारी रुग्णालये आहेत. आणि कोणी जरा वेगळे बोलले, की ‘याला ठाण्याला न्यायला पाहिजे’, ‘याची जागा येरवड्याला’, ही वाक्ये आपल्या तोंडून सहज निघतात. ज्या गावी माणसे बरी होण्यासाठी जातात, त्या गावाचे नाव आपण शिवीसारखे वापरतो. आणि मग ज्या घरात खरोखर आजार शिरलेला असतो, त्या घरातले लोक वर्षानुवर्षे ते नाव उच्चारायला भितात, अंगारे-धुपारे करतात, पोराला कोठडीत ठेवतात, पण इस्पितळाची पायरी चढत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. तो हक्क मागायला जाणाऱ्याच्या वाटेत आपले हे वाक्य उभे असते. म्हणून माझी वाचकांना विनंती एवढीच आहे: पुढच्या वेळी घरात किंवा पारावर कोणाच्या तोंडून ते वाक्य निघाले, तर बोलणाऱ्याला थांबवा, आणि ज्याच्याविषयी ते निघाले, त्याच्याकडे जाऊन बसा व त्याला किती दिवसांपासून झोप लागत नाही, हे विचारा.